वरून आलं नाही

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. कारणं दोन. एक आळस, तो जुनाच. दुसरं कारण म्हणजे "किसुमूचं काय झालं गं? सहा महिने म्हणून गेलीस आणि चारच महिन्यांत परत कशी?" हा प्रश्न. लग्नाकार्यात जो भेटेल तो हेच विचारतो. मी "अगं, पैसे बंद झाले त्यांचे" असं म्हणून जिलबीकडे वळते. वन्संनी तर परस्पर ठरवूनच टाकलंय की तिकडचं पाणी मला बाधलं. पाणीबिणी काही बाधलं नाही. काय झालं ते आज सविस्तर लिहिते, म्हणजे पुढच्या लग्नात जिलबी सुखानं खाता येईल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मी तेहतीस वर्षं एका राष्ट्रीयीकृत बँकेत नोकरी केली, त्यातली शेवटची काही सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्याच्या शाखेत. माझा भाचा नैरोबीत असतो. त्याच्या ओळखीतून कळलं की केनियात किसुमूला एका छोट्या संस्थेला हिशेबाच्या वह्या आणि औषधांचा साठा नीट लावून देणारं कुणीतरी हवंय. पगार नाही. हे म्हणाले, "सोसायटीचे हिशेब लावायला कंटाळतेस आणि आफ्रिकेत जाऊन लावणार?" प्रश्न रास्त होता. पण सोसायटीच्या हिशेबाला कुणी समाजसेवा म्हणत नाही ना! खरं सांगायचं तर थोडं मिरवायचंही होतं. नोव्हेंबर 2024 मध्ये, दिवाळीचा फराळ डब्यात घेऊन मी निघाले.

किसुमू व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी आहे. सरोवर म्हणून मी मोठ्या उत्साहानं बघायला गेले तर काठाला पाण्याऐवजी हिरवंगार शेत! आपल्या मुळा-मुठेवर पसरते तीच जलपर्णी. एकदम घरी आल्यासारखं वाटलं म्हणा ना. पुढे रोजच तसं वाटायला लागलं. दुकानाला दुका, हिशेबाला हेसाबु, औषधाला दावा. चहाला चाय आणि चपातीला चपातीच. मोंबासाहून निघालेली रेल्वे 1901 साली किसुमूला पोहोचली, ती बांधायला हिंदुस्थानातून हजारो मजूर नेले होते. त्यामुळे भारतीय चेहरा तिथे कुणाला नवा नाही. मला सगळे 'मामा' म्हणत. तिकडे मामा म्हणजे आई, आईचा भाऊ नव्हे. हे कळेपर्यंत पहिले दोन दिवस मी जरा गोंधळलेलीच होते.

रोजचं जेवण म्हणजे उगाली, मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि सोबत सुकुमा विकी नावाची पालेभाजी. या नावाचा शब्दशः अर्थ 'आठवडा ढकल'. पगाराला अवकाश असतो तेव्हा आठवडा ढकलून नेते ती भाजी. भाजीचं इतकं प्रामाणिक नाव मी दुसरं ऐकलेलं नाही.

संस्थेचं काम एचआयव्हीचं होतं. केनियात साधारण 13-14 लाख माणसं या विषाणूसोबत जगताहेत आणि सरोवराकाठच्या जिल्ह्यांत प्रमाण सगळ्यात जास्त. एका सरकारी आरोग्यकेंद्राच्या आवारात आमच्या तीन खोल्या होत्या. औषधाच्या कपाटात 90 गोळ्यांच्या बाटल्यांवर 'मेड इन इंडिया' वाचून मला उगाचच अभिमान वाटला. अगदीच उगाच नाही म्हणा. वर्षाला दहा हजार डॉलरच्या पुढे खर्च येणारं हे औषध 2001 मध्ये आपल्या सिप्लाच्या युसुफ हमीद यांनी 350 डॉलरला देऊ केलं, आणि आज रोजच्या एका गोळीचा वर्षाचा खर्च 45 डॉलरच्याही खाली आलाय. दिवसाला दहा-अकरा रुपये फार तर.

मग खर्च कशाचा? वह्या लावताना ते कळत गेलं. खर्च माणसांचा. ज्या बायका स्वतः हा आजार घेऊन जगल्या, उपचार घेत बाळंत झाल्या आणि ज्यांची मुलं आजाराविना जन्मली, अशा बायकांना तिथे 'मेंटॉर मदर' म्हणतात. नव्यानं निदान झालेल्या गरोदर बाईशेजारी जाऊन बसायचं, ती गोळ्या घेते ना बघायचं, बाळाला औषध पाजलं जातंय ना बघायचं, तपासणीची तारीख चुकली तर तिच्या घरी जायचं. उपचार नसेल तर आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता 15 ते 45 टक्के असते, नीट उपचार असेल तर 5 टक्क्यांच्या खाली येते. या दोन आकड्यांच्या मधे ह्या बाया उभ्या. आमच्याकडे अकरा जणी होत्या. महिन्याला मिळायचे दहा हजार शिलिंगच्या आसपास, आपले साडेसहा-सात हजार रुपये. शिवाय घरभेटीचं गाडीभाडं.

त्यातल्या एकीशी माझं विशेष जमलं. लुओ लोकांत लग्न झालेल्या बाईला तिच्या माहेरच्या मुलखावरून ओळखतात. न्यार म्हणजे लेक. ही सेमे भागातली, म्हणून न्यार सेमे. सासरी राहून बाई जन्मभर माहेराच्या नावानं हाक ऐकते, हे मला फार आवडलं. वयानं चाळिशीची, आवाज खणखणीत. मला ती 'न्यार इंडिया' म्हणायची आणि स्वतःच हसायची.

आता त्या सोमवारकडे येते. अमेरिकेच्या नव्या राष्ट्राध्यक्षांनी 20 जानेवारी 2025 ला परदेशी मदत नव्वद दिवस थांबवायच्या आदेशावर सही केली होती. 24 तारखेला, शुक्रवारी, चालू कामंही थांबवा असा हुकूम निघाला. आमची संस्था म्हणजे साखळीतलं शेवटचं टोक. अमेरिकन सरकार, मग एक बडी संस्था, मग एक मधली, मग आम्ही. हेड ऑफिस, झोनल, रिजनल आणि खेड्यातली शाखा. आमच्यापर्यंत तो निरोप सोमवारी, 27 तारखेला सकाळी पोचला. संस्थेच्या संचालक बाईंनी सगळ्यांना मधल्या खोलीत बोलावून तो मोठ्यानं वाचला. काम थांबवा. यापुढचा कुठलाही खर्च मान्य होणार नाही. कुणी रडलं नाही लगेच. एकीनं विचारलं, "आज दुपारी ज्या बायका येणार आहेत त्यांचं काय?" त्यावर मेलमध्ये काही नव्हतं.

तिकडे जानेवारीला गमतीनं 'न्जानुअरी' म्हणतात. न्जा म्हणजे भूक. डिसेंबरात सणाला खर्च झालेला, जानेवारीत शाळेच्या फिया. त्या महिन्याच्या 27 तारखेला हे.

आता मी काय केलं ते सांगते, कारण ते सांगायचं म्हणूनच हे लिहायला बसले आहे.

मी किरकोळ खर्चाची पेटी काढली. रोकड मोजली, वहीत लाल रेघ मारली, शिल्लक लिहिली, संचालक बाईंची सही घेतली आणि कुलूप लावून किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली. अगदी इन्स्पेक्शन आल्यासारखं. खोटं कशाला बोलू, मला त्यात बरंही वाटलं. सगळ्यांचे हात रिकामे झाले होते आणि मला मात्र करण्यासारखं काहीतरी होतं.

दोन दिवसांनी न्यार सेमे माझ्या टेबलाशी आली. तिच्याकडच्या एका पोरीचं बाळ त्या आठवड्यात सहा आठवड्यांचं होत होतं. सहाव्या आठवड्याला बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेऊन तपासायला पाठवतात. पोरगी फोन उचलत नव्हती. आरोग्यकेंद्र बंद झालं अशी अफवा गावोगाव पसरली होती. खरं तर सरकारी नर्स होत्या, औषधंही कपाटात होती. पण ते सांगायला कुणीतरी जायला हवं होतं. मटाटू आणि पुढे मोटरसायकल, जाऊन-येऊन 400 शिलिंग. आपले पावणेतीनशे रुपये.

मी म्हटलं, "नाही देता येणार. खर्च मान्य होणार नाही."

"मग पैसे कधी येतील?"

"वरून आलेले नाहीत," मी म्हटलं.

ती "सावा" म्हणाली, म्हणजे ठीक आहे, आणि गेली.

ते वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज गेलं की माझं मलाच ऐकू आलं नाही. रात्री ऐकू आलं. शाखेत असताना आमच्या काउंटरला आशाताई यायच्या. 2005 पासून गावोगाव नेमलेल्या त्या आरोग्यसेविका. कागदोपत्री त्या 'स्वयंसेविका', म्हणून त्यांना पगार नाही, कामागणिक मोबदला. उन्हातून चालत यायच्या आणि विचारायच्या, "मॅडम, मानधन जमा झालं का?" मी कॉम्प्युटरमध्ये बघायचे आणि म्हणायचे, "वरून आलं नाही." चूक नव्हती त्यात. खरोखरच वरून आलेलं नसायचं. पण मी एकदाही मान वर करून विचारलं नाही, की मग आज तुम्ही परत कशा जाणार?

आणि पर्समध्ये त्या दिवशी माझे स्वतःचे सहा हजार शिलिंग होते. मला ते सुचलंच नाही. नियमाचं कुलूप पेटीला होतं, माझ्या पर्सला नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कळलं की न्यार सेमेनं बाजारातल्या ओमेनावालीकडून उसने घेतले. ओमेना म्हणजे तिकडची सुकट. संध्याकाळपर्यंत ती पोरगी सापडली, बाळ आलं, टाच टोचली गेली. मी खूप ओशाळून तिला हजार शिलिंग देऊ लागले. तिनं हात मागे घेतला. म्हणाली, "मामा, मला देऊ नकोस. मला दिलेस तर तू चांगली आणि मी गरीब. चामात टाक. तिथे लिहिलं जातं."

चामा म्हणजे आपली भिशी. या अकरा जणींची होती, दर आठवड्याला पाचशे शिलिंग. फियांसाठी, बी-बियाण्यांसाठी, कुणाच्या मयतीसाठी. त्या शनिवारी त्यांनी ठरवलं की आलटून पालटून उचल घेण्याऐवजी पुढचे पैसे गाडीभाड्याला वापरायचे. मी बारावी सभासद झाले आणि वहीही माझ्याकडे आली. तेहतीस वर्षांत मी कोटींच्या नोंदी केल्या असतील, पण त्या दोनशे पानी वहीइतकी जपून दुसरी वही लिहिली नाही. कुणाकडे गेली, किती भाडं, आई सापडली का, बाळ आलं का.

इथे थांबून एक सांगते. ही गोष्ट मी ज्यांना ज्यांना सांगितली ते म्हणतात, "वा! बघ, माणुसकी." आणि विषय संपतो. तर संपवू नका. ती भिशी पाच आठवडे चालली. सहाव्या आठवड्यात दोघींनी पैसे टाकले नाहीत. एकीच्या मुलाला फीपायी शाळेतून घरी पाठवलं होतं, दुसरी सरोवराकाठी मासळी विकायला जायला लागली होती. ज्यांचा पगार बुडाला त्यांनीच वर्गणी काढून दवाखाना चालवायचा, याला माणुसकी म्हणा हवं तर. व्यवस्था म्हणू नका.

दरम्यान वर काही काही चाललं होतं. जीव वाचवणाऱ्या कामांना सूट, असा निर्णय जानेवारीअखेर आला. फेब्रुवारीच्या सुरुवातीला एचआयव्हीचे उपचार आणि आईकडून बाळाला होणारी लागण रोखण्याचं काम त्यात धरलं गेलं. कागदावर. पैसे सोडणारी यंत्रणाच गोठलेली, त्यामुळे आमच्या खात्यात काही आलं नाही. मी रोज स्टेटमेंट बघायचे. 10 मार्चला अमेरिकन परराष्ट्रमंत्र्यांनी यूएसएडचे 83 टक्के कार्यक्रम रद्द झाल्याचं जाहीर केलं आणि 1 जुलैला ती यंत्रणाच बंद झाली. पैसा त्यांचा होता, कायम द्यावा असं मी म्हणत नाही. उलट 2003 पासून त्यांच्या या एचआयव्ही कार्यक्रमानं जगभरात अडीच कोटी जीव वाचवले, हा त्यांच्याच सरकारचा आकडा आहे. पण हात काढून घेण्याचीही एक रीत असते. आपल्याकडे गेट्स फाउंडेशनचा 'आवाहन' हा एचआयव्ही प्रतिबंधाचा कार्यक्रम होता, तोही 2003 चाच. तो 2009 पासून पुढची काही वर्षं टप्प्याटप्प्यानं आपल्या सरकारकडे सोपवला गेला. आमच्या बँकेची शाखा नुसती समोरच्या गल्लीत हलवायची झाली तरी आम्ही महिनाभर आधी दारावर नोटीस लावायचो.

मार्चच्या मध्यावर संचालक बाईंनी मला बोलावलं. नोंदी ठेवणारा पोरगा होता, सव्वीस वर्षांचा, त्याला काढावं लागलं होतं. त्याचा कॉम्प्युटर मीच चालवत होते. त्यानेच जाता जाता मला सगळं शिकवलं होतं. शिकवताना हसून म्हणाला होता, "मामा, तुमचं बरं आहे. तुम्हाला पगारच नाही, मग काढणार कसं?" बाई म्हणाल्या, "तुम्ही अजून तीन महिने राहाल का? तुम्हाला द्यावं काही लागत नाही, तुम्हीच एक परवडण्यासारख्या आहात."

गौरवच होता तो. मी खोलीवर गेले आणि सवयीनं कागद घेऊन बसले. खोलीचं भाडं, जेवण, बोडाबोडा, फोन, आठवड्याला एकदा गावातल्या हॉटेलात डोसा. माझा महिन्याचा खर्च त्या पोराच्या पगारापेक्षा थोडा जास्तच निघाला! मी फुकट नव्हतेच. फक्त माझा खर्च संस्थेच्या वहीत दिसत नव्हता, एवढंच. माझं पेन्शन मला इथे बसवत होतं, आणि ज्याला भाषा येते, गावं माहीत आहेत, ज्याच्या घरी दोन भावंडं शिकताहेत, तो घरी बसला होता.

तीन महिन्यांच्या मुक्कामाचे पैसे मी बाईंकडे दिले आणि त्याला परत बोलवा म्हटलं. पावती घेतली, अर्थात. मार्चअखेर परत आले. यात मोठेपण समजू नये. ते पैसे साडेतीन महिने पुरले, मग संपले. तो पोरगा आता नैरोबीत मोबाईलच्या दुकानात आहे. न्यार सेमे महिन्यातून एकदा निरोप पाठवते. ती सध्या ओमेना विकते, आणि बाजाराला जाता जाता वाटेत असतील त्या घरांत डोकावते. वाटेत नसतील त्या घरांचं मी विचारत नाही. त्या बाळाची पहिली तपासणी निगेटिव्ह आली, पण खरा निकाल बाळ दीड वर्षाचं झाल्यावर लागतो.

आणि मी थांबायला हवं होतं का? यांना वाटतं, बरोबर केलंस. भाचा म्हणतो, पैसेही द्यायचे होतेस आणि राहायचंही होतंस. मला रात्री त्याचं पटतं आणि सकाळी यांचं.

मागच्या महिन्यात पेन्शनच्या कामाला माझ्या जुन्या शाखेत गेले होते. माझ्याच काउंटरवर आता एक तरुण मुलगा बसतो, हुशार आहे. माझ्या पुढे एक आशाताई होत्या, खांद्याला बॅग, चपला धुळीनं भरलेल्या. त्यांनी विचारलं. त्यानं कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि म्हणाला, "ताई, अजून वरून आलं नाही."

त्या वळल्या. मी त्याला म्हटलं, "अरे, तालुक्याला फोन करून कधी येईल ते विचार की. नंबर मी देते." त्यानं माझ्याकडे बघितलं, मग फोन उचलला. लागला नाही. त्यानं परत लावला. आम्ही दोघी काउंटरशी उभ्या राहिलो.